कंसमामा

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांच्यात काहीतरी सामाईक निघतंच, यावर आमच्या हिच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. मामा पारनेरच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. दिवसभर बांध, विहिरी आणि भाऊबंदकी. जीव मात्र बीजगणितावर. आम्हाला पत्र पाठवताना आडनाव एकदाच लिहीत आणि पुढे कंसात घरातली सगळी माणसं, मध्ये अधिकची चिन्हं घालून. त्यावरून आमच्याकडे त्यांचं नाव कंसमामा पडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "त्या कंसाने भाचे मारले. मी भाची मॅट्रिक करणार!" एकदा जेवताना पानात वांग्याची भाजी आणि भरीत दोन्ही पाहून ते आनंदाने ओरडले, "वांगं बाहेर काढा!" माझ्या आईने निमूटपणे दोन्ही उचलून नेलं. मामा ताकभातावर उठले. "विहीणबाईंचं उत्तर बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

ही लग्नाआधी मॅट्रिकला बीजगणितात नापास झाली होती. मुलींच्या शाळेत शिकवायची तिची फार इच्छा. माझ्या वडिलांनी पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी दिली ती बजावूनच: "आता एकदाच. मग पुन्हा नाव काढायचं नाही." माझा जन्म आकडेमोडीत गेला, पण अवयव पाडणं काही मला तिला शिकवता येईना. ती कंस सोडवताना पहिल्याच पदाला गुणी आणि दुसरं तसंच ठेवी. शेवटी तिला घेऊन पारनेर गाठलं. मामांसमोर एक शेतकरी बसला होता. मामांनी त्याचाच दावा पाटीवर मांडला. "हे बघ, अब अधिक अक. ब आणि क हे दोघे भाऊ. दोघांकडे अ आहे, म्हणजे सामाईक विहीर. विहीर बाहेर काढ, भावांना कंसात घाल."

शेतकरी दचकला. "आन् हीर भाईर काढल्यावर पानी कुनाला, रावसाहेब?"

"दोघांना!"

"एकट्या थोरल्याला न्हाई ना?"

"अरे, कंसात जेवढे असतील तेवढ्यांना!"

"मंग आर्जात बी तसंच लिवा."

ही खुदकन हसली. त्यानंतर तिने धाकट्याला कधी कोरडं ठेवलं नाही.

परीक्षेहून मात्र ती रडवेली होऊन आली. घाईघाईत तिने उत्तरात 'सामाईक अवयव बाहेर काढून'ऐवजी 'विहीर बाहेर काढून' असं लिहिलं होतं. मामा त्या दिवशी मुद्दाम नगरला आमच्याकडे आले होते. "खोडलंस का?" "नाही." "बरं केलंस," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला. निकाल लागेपर्यंत त्यांनी कशातलंही सामाईक काढलं नाही. आईने मुद्दाम भरीत आणि भाजी एकदम वाढून पाहिली. मामा खाली मान घालून जेवले.

ही पास झाली. मामा हातातला पेढा खायचाच विसरले. तेव्हा त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. आमच्या घराला पहिली मास्तरीण त्यांनी दिली, हे आज लिहून ठेवतो.

मामा वारल्याचा निरोप घेऊन मीच हिच्या शाळेत गेलो. फळ्यावर अर्धं गणित होतं. हिने दारात मला पाहिलं, काय ते ओळखलं, आणि पुन्हा फळ्याकडे वळली. गणित पुरं केलं, मुलींना उतरवून घ्यायला सांगितलं, आणि मग बाहेर येऊन पायरीवर बसली.