नाशिकला, फिरायला

आमची आत्या फोनवर कधी नाव सांगत नसे, गाव सांगत असे. "हॅलो, मी सोलापूर बोलतीय." पलीकडे बँकेतला माणूस असो, गॅसवाला असो की लग्नं जमवणारा असो, तो एकदम सावरून बसायचा. अख्खं सोलापूर बोलतंय म्हटल्यावर तो बिचारा तरी काय करणार? मी एकदा म्हटलं, "अगं, तुझं नाव तरी सांगत जा." तर म्हणाली, "माझं नाव ऐकून त्याला काय कळणार हाय? सोलापूर कुटं हाय ते तरी ठाऊक असतंय की." हळूहळू नातेवाइकांत तिचं नावच 'सोलापूर आत्या' पडलं आणि खरं नाव, सुमन, फक्त रेशनकार्डावर आणि तिच्या थोरल्या दिरांच्या तोंडी उरलं.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. माहेर करकंबचं, द्राक्षबागेतलं. लग्न होऊन सोलापुरात आली आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागली. त्या शाळेचे मुख्याध्यापक बदलत गेले, आत्या तीच राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजसाठी तिच्याकडे आले ती तिथलीच झाले, नोकरीसुद्धा सोलापुरातच धरली. खाली आम्ही आणि वरच्या मजल्यावर तिचे थोरले दीर. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. आप्पा कोर्टातून निवृत्त झालेले, रीतभात आणि तिथी-वार काटेकोर पाळणारे. काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यावर घरात वडीलधारं माणूस तेवढं एकच उरलं. आत्याचा आवाज खाली यायचा तो फक्त आप्पांपुढे.

एरवी तो आवाज कुणाला दबणारा नव्हता. "विचारायला काय जातंय?" हा तिचा मंत्र. एकदा आम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो आणि गाडीचा पत्ता नव्हता. लोक बोर्डाकडे बघून उसासे टाकत होते. आत्या उठली, स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने चहा पिऊन बाहेर आली. येताना गाडी कुठे अडकली आहे ही बातमी तर तिने आणलीच, शिवाय मास्तरांच्या मुलीसाठी बार्शीचं एक स्थळही सुचवून आली होती. माझी मान शरमेनं खाली आणि तिची मान ताठ, असे आमचे सगळे प्रवास होत.

प्रवास म्हटलं की तिच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आधी जायची, कपडे मागाहून. पुण्याला एका बड्या हॉटेलात लग्न होतं, तिथल्या पन्नास पदार्थांपुढे तिने आपला डबा उघडला. मी तोंड फिरवून बसले. थोड्या वेळाने बघते तर नवऱ्यामुलाचा मामा ताटली घेऊन तिच्यापुढे उभा. "घ्या की, लाजताय काय!" आत्या यजमानीण असल्यासारखी वाढत होती.

अशा बाईला हिंडायची हौस असणारच. पण हिंडणं तिच्या वाट्याला आलं ते कुणाचं तरी काहीतरी करायला. बाळंतपण, लग्न, दवाखाना. नाशिकला ती दोनदा गेली, एकदा सासूबाईंना घेऊन आणि एकदा काकांना घेऊन. दोघंही कलशातून. सोलापूरकडे नाशिक म्हणजे हेच. नाशिकला चाललो म्हटलं की ऐकणारा आपोआप चेहरा पाडतो. आत्या म्हणायची, "दोन येळा नाशिक केलं, पर नाशिक बघितलं कुटं? गुरुजी बघितले आन् माझे भिजलेले पाय बघितले."

दुसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर होते. काकांचं सगळं आटोपून, त्र्यंबकचं दर्शन घेऊन आम्ही गाडीतून परतत होतो. आत्या खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. अचानक ती सरळ झाली. उतारावर द्राक्षाच्या ओळीच ओळी लागल्या होत्या, मागे एक काचेची इमारत होती आणि तिच्या ओट्यावर छत्र्यांखाली माणसं पेले घेऊन हसत बसली होती. "हे काय हो?" तिने ड्रायव्हरला विचारलं. तो आमच्याकडचाच, कुंभारीचा. "वायनरी हाय मावशी. द्राक्षाची दारू करत्यात. मुंबईवरनं लोकं येत्यात प्यायला." ते सगळं मागे पडेपर्यंत आत्या मान वळवून बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडं वाळवत्यात, हितं आंबवत्यात." तिच्या माहेरच्या द्राक्षांचा बेदाणा होतो. दर उन्हाळ्यात ती रजा काढून करकंबला जायची आणि शेडमध्ये बसून बेदाणा निवडायची. पुष्कळ वेळाने ती पुन्हा बोलली, "एकदा यायला पायजे हितं. कुणाला न घेता."

ती निवृत्त झाली आणि त्या हिवाळ्यात एका सकाळी तिने जाहीर केलं, "संक्रांत झाली की नाशिक. ठरलंय की." मग हॉटेलांना फोन सुरू झाले. "हॅलो, मी सोलापूर बोलतीय. तुमच्या खोलीच्या खिडकीतनं नदी दिसती का?" पलीकडचा म्हणाला, "दिसते ना. विधी कोणता करायचाय?" आत्याने फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "हा बी तसलाच." तरी त्याच्याकडची खोली तिने पक्की केली, कारण नदी दिसत होती. मी उत्साहाने तिच्या बेतात लेणी घातली, किल्ला घातला, दोन म्युझियमं घातली. तिने एकेक काढून टाकलं. "आपण काय जनगणनेला चाललोय का?" तिच्या बेतात दोनच गोष्टी हलणार नव्हत्या. द्राक्षं आंबवतात ती जागा बघायची आणि सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, नुसतं बसायचं. "पाय भिजवायचे न्हाईत," हे तिने मला दोनदा बजावलं.

गल्लीत बातमी फुटली आणि घोटाळा झाला. समोरच्या घरातली पद्मक्का पहिली आली. तिच्या घरी टॉवेलचे माग, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. ती गंभीर चेहऱ्याने नारळ घेऊन आली, "आमच्या सासूबाईंच्या नावानं गंगेत सोड, अक्का." दुसरीने तीळ दिले, तिसरीने आपल्या दिरांचं नाव आणि गोत्र पाठ करून घेतलं. आठवडाभरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नारळांचा ढीग झाला. स्टेशनमास्तरला न घाबरणारी आत्या प्रत्येकीला नुसतं "बरं" म्हणत होती. मला राहवलं नाही, मी विचारलं. तर म्हणाली, "फिरायला म्हटलं की विचारतील, या वयात? विधवा बाई? दारूच्या कारखान्यात? बरं म्हटलं की सुटका."

सुटका कसली! रविवारी संध्याकाळी आप्पा खाली आले. कधी नव्हे ते प्रसन्न होते. "सुमन, तुझा विचार कळला. मी गुरुजींशी बोललोय. मीही येतो. लक्ष्मणचं काही राहिलं असेल तर सगळं करून घेऊ. माझ्याही मनाला लागून राहिलंय." लक्ष्मण म्हणजे आमचे काका. आप्पा वर गेल्यावर आत्या नारळांकडे बघत उभी राहिली. पुन्हा तेच पाणी, तेच ओलं लुगडं आणि तोच परतीचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असणार. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती आणि तीही हातची चालली होती. मला फार वाईट वाटलं, आप्पांचा रागही आला. पण त्यांचं तरी काय चुकलं होतं? त्यांना खरं कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने चहा केला, कप माझ्या हातात दिले आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग. आप्पा पेपर वाचत होते.

"आप्पा, ह्यांचं सगळं झालंय. तुमीच केलंय, नीट केलंय. आता काय राहिलं न्हाय."

"मग नाशिकला कशाला चाललीस?"

"फिरायला."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "नाशिकला कुणी फिरायला जातं का?"

"मुंबईची जात्यात की. आमी काय कमी हाय व्हय?" इथपर्यंत आवाज नेहमीचा होता. मग तो उतरला. "दोन येळा रडत गेले, आप्पा. एकदा हसत जाऊ द्या."

आप्पांनी पेपर पुन्हा उचलला. मग एवढंच म्हणाले, "चहा गार होतोय." आम्ही खाली आलो. पण थोड्या वेळाने वरच्या गॅलरीतून आप्पांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "गुरुजी, आमचं येणं रद्द झालंय. हो, सगळंच." आत्याने माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि नारळ पिशवीत भरायला घेतले.

घरोघरी जाऊन तिने ते परत केले. प्रत्येक दारात ठणकावून सांगितलं, "मी फिरायला चाललीय." दोघीतिघींनी नाकं मुरडली. पद्मक्काने मात्र नारळ घेतला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "मग आधी सांगायचं नाही का, अक्का? मी पण येते!" आणि खरंच आली, आपल्या मागावरचे दोन कोरे टॉवेल घेऊन.

वायनरीत एक चुणचुणीत मुलगी आम्हांला आत घेऊन गेली. मोठाल्या स्टीलच्या टाक्यांच्या खोलीचं दार उघडताच आत्या उंबऱ्यावर थबकली. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "आंबलंय," ती कुजबुजली. "हो आजी, आंबवतोच आम्ही," मुलगी हसून म्हणाली. आत्या हसली नाही. "एका वर्षी अवकाळी पाऊस लागला. शेडमधला सगळा माल जाळ्यांवर आंबला. असाच वास सुटला होता. माझा बाप तीन दिस शेडच्या बाहेर बसून होता. हा वास आला की आमच्या घरात चूल पेटायची न्हाय, पोरी." आत्याने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "आन् हितं लोकं तिकीट काढून वास घ्यायला येत्यात! बाप असता तर त्याला दाखवला असता." मग ती एवढी हसली की डोळे पुसावे लागले. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं.

ओट्यावर छत्रीखाली आम्ही बसलो. मुलीने पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते सांगितलं. आत्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काढा हाय." दुसरा घोट घेतला. "पर वाईट न्हाय." मग पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बाहेर आली. ती मुलगीही एक तुकडा खाऊन गेली आणि लगेच दुसऱ्यासाठी आली. पद्मक्काने आपला पेला संपवला, आत्याचा उरलेला संपवला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. ते भाषांतर न करताही आम्हांला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर पद्मक्काचे टॉवेल पसरून आम्ही बसलो. आत्याने पाय लुगड्यात आवरून घेतले होते. थोड्या अंतरावर एक कुटुंब विधीला बसलं होतं. गुरुजी भराभर मंत्र म्हणत होते आणि एक बाई ओल्याने कुडकुडत पाण्यात उभी होती. आत्या तिच्याकडे बघत राहिली. "तिला अजून नाशिक दिसलं न्हाय," ती म्हणाली. "येईल पुन्यांदा." ऊन तापेपर्यंत ती तशीच बसून होती. देवळांचे कळस, दाणे टिपणारी कबुतरं, भाजीवाल्या, सगळं निवांत बघत होती. पाण्याला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

आत्या गेल्या वर्षी गेली. आजार थोडक्यात आटोपला. दवाखान्यात एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "मला नाशिकला नेऊ नका. मी तितं फिरून आलेली हाय." मी हो म्हटलं, पण हे आप्पांना कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आलो, सगळे नातेवाईक बसले होते. कुणीतरी म्हणालं, नाशिकची गाडी सांगायला हवी. मी मान खाली घालून बसले. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून तिचा आवाज काही मला आला नव्हता.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "नाशिकला न्यायचं नाही."

सगळे बघायला लागले. आप्पांनी कुणाकडेच बघितलं नाही. "सुमन तिथं हसत गेली होती. तिला आता रडत न्यायचं नाही. करकंबला बागेत न्या."

आम्ही तिला बागेत ठेवलं, पहिल्या ओळीच्या बुडाशी. तिच्यावाचून घर अजूनही मुकं वाटतं. फोन वाजला की वाटतं, आता अख्खं सोलापूर बोलायला लागेल.

यंदा संक्रांत झाली आणि आप्पा कठडा धरून सावकाश खाली आले. खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तो नदी दिसणारा हॉटेलवाला होता ना? त्याला फोन लावून बघ. विचारायला काय जातंय?"

मी फोन लावला. पलीकडून उचलला गेला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हॅलो, मी सोलापूर बोलतेय."

"बोला ताई. विधी कोणता करायचाय?"

मी उत्तर देणार एवढ्यात आप्पा खुर्चीतून पुढे वाकले आणि फोनच्या दिशेने मोठ्यांदा म्हणाले, "फिरायला येतोय म्हणून सांग त्याला!"