उरलेलं अर्धं

अनंताला घाबरणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच होता: माझ्या बायकोचे मामा. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेले. साप, पोलीस, इन्कमटॅक्स, कशालाच भीत नसत. पण सुभानपुऱ्यात समोरासमोर आरसे लावलेलं नवं सलून निघालं, तेव्हा तोंडाला फेस तसाच ठेवून खुर्चीतून उठून पळाले. न्हावी मागे ओरडतोय, "काका, बेसो ने!" आणि मामा म्हणतायत, "अरे, आरशात मामांची रांग लागलीय, त्यातल्या शेवटच्या मामाची दाढी कोण करणार?"

अतिसूक्ष्माची भीती तर त्याहून मोठी. श्रीखंड खाताना उरल्याचं अर्धं घ्यायचे, मग त्याचं अर्धं. वाटी कधी पुसत नसत. "संपवलं की शून्य, जावईबापू. तिथे भल्याभल्यांची मती गुंग झालीय." मग इतिहास सुरू. कुणा जुन्या ग्रीकाने म्हणे दाखवून दिलं, की आधी अर्धं अंतर, मग उरल्याचं अर्धं, असं चालणारा माणूस दारापर्यंत पोचूच शकत नाही. आपल्याकडे शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणाले आणि देवाची उपमा देऊन मोकळे झाले. पुढे युरोपातल्या पंडितांनी इतक्या बारीक राशी वापरल्या, की त्या आहेत की नाहीत यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडले.

"मग शेवटी काय ठरलं?" मी विचारलं.

"पोचतो म्हणे माणूस." मामा आवाज खाली आणून म्हणाले, "मला भीती त्याचीच वाटते."

"तुमचं अनंत घासायला मात्र मी!" मामी वाटी उचलत म्हणाल्या.

मामींचं ऑपरेशन झालं त्या दुपारी मी मामांसोबत होतो. इस्पितळाचा तो लांबलचक चकचकीत कॉरिडॉर. मामा अर्धा चालून थांबले. मग उरल्याचा अर्धा. दाराशी तर पाऊल नव्हे, नुसता अंगठा सरकत होता. मला हसू आलं नाही. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "अहो, या की आत! की उरलेलं मी चालत येऊ?"

मामा एका ढांगेत आत.

मामी गेल्यानंतर काही वर्षांनी मामा त्याच कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत आजारी पडून होते. मी एकटाच भेटायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो. आतून हाक मारणारं कुणी नव्हतं. हे आजवर बायकोलाही सांगितलं नाही: मी तिथूनच परत फिरलो. उद्या येऊ म्हटलं.

मामा त्याच संध्याकाळी गेले. नर्सने बायकोला सांगितलं, दिवसभर दाराकडे बघत होते, अगदी शांत. म्हणत होते, "जावईबापू निघाले असतील. पोचतो माणूस."