सेंदाईला जाऊन फळा वाढवला

लेक स्वाती सेंदाईहून फोनवर म्हणाली, "आई, या आठवड्यात येऊ नकोस. आफ्रिकेतल्या खेड्यांतले शिक्षक ट्रेनिंगला आलेत, मला वेळ नाही." झालं, मी दुसऱ्याच दिवशी निघाले. ओजिमाला मुलाच्या घरी बसून कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, ते किती पाठ करायचं?

शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड तासात नेते, पण तिकीट अकरा हजार येनच्या वर. मी दिवसाची बस धरली. पैसे निम्म्याहून कमी, वेळ साडेपाच तास, ढुंगणाचा भुगा. थालीपीठं बांधून न्या, तिथे जिकडेतिकडे गाईच्या जिभेची हॉटेलं. गोड मात्र खा : हिरव्या सोयाबीनचं वाटण थापलेले तांदळाचे गोळे. मी सहा खाल्ले.

सकाळी स्वातीबरोबर ट्रेनिंगला गेले. ती तिथे दुभाषी. "मागे बस आणि बोलू नकोस," म्हणाली. सातो-सेन्सेई, म्हणजे सातो सर, शिकवत होते. हे लोक अख्खा धडा फळ्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मांडतात, तास संपेपर्यंत काही पुसत नाहीत. का, तर आपण कुठून सुरुवात केली ते पोराला दिसावं. चांगलंच आहे. पण मलावीची ग्रेसबाई डोकं धरून बसलेली. तिच्या वर्गात एकशेदहा पोरं, फळा एकच, तोही अर्धा फुटका. उद्या तिने असा धडा घेऊन दाखवायचा. पास झाली तर गावी जाऊन आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना तीच शिकवणार. नाहीतर काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "वर्गाला भिंती किती?"

स्वातीने कपाळाला हात लावला, पण विचारलं.

"चार."

"मग रडतेस कशाला? कोळसा वाट, पेजेत कालव, खालून पोरांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत पट्टा चारी भिंतींना फास. पोरं तिथेच लिहितील." बालवाडीत मी बावीस वर्षं मदतनीस होते, भिंती मीच रंगवायचे.

ग्रेस म्हणाली, "आमच्याकडे तांदूळ महाग. मक्याच्या पिठाची खळ चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

हॉलची भिंत कोण रंगवू देणार? शंभर येनच्या दुकानातून काळा कागद आणून आम्ही भिंतीला खालच्या बाजूने चिकटवला. दुसऱ्या दिवशी ग्रेसने सगळ्या शिक्षकांना उकिडवं बसवून त्यावर वजाबाक्या करायला लावल्या.

सातो-सेन्सेई म्हणाले, "फळा शिक्षकाचा असतो. मुलांनी चुकीचं लिहिलं तर?"

मी उठलेच. "चुकलेलं दिसायलाच पाहिजे की! वहीत दडवून काय कळणार तुम्हाला?"

स्वाती लालेलाल. "आई, इथे असं बोलत नाहीत."

"मग तू गोड करून सांग."

तिने सांगितलं. सेन्सेई खाली बसले आणि एक चुकलेली वजाबाकी बराच वेळ बघत राहिले. "विचार करतो," म्हणाले. स्वाती कुजबुजली, "म्हणजे नाही." ग्रेसला कळलं. ती म्हणाली, "पास करा नाहीतर नापास. माझ्या वर्गाच्या भिंती मी काळ्या करणार."

परतीच्या बसमध्ये मला हेच वाक्य पुरलं. सेंदाईची झाडं, देवळं बघायची राहिली. राहू देत.

ओजिमाला येऊन दोन दिवस झाले तर स्वातीचा फोन. "आई, ग्रेस पास! ती भिंत ते ट्रेनिंगच्या पुस्तकात घालतायत. सुचवणाऱ्याचं नाव आणि शिक्षण हवंय. शिक्षण... 'अनुभवी' असं काहीतरी लिहू?"

"चौथी नापास," म्हटलं. "तसंच लिही."