काकांनी निवडलेला हीटर

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. गाळ्यावर डबा देऊन नुकतीच घरी आलेय, एक चप्पल अजून पायातच आहे, आई आतून ओरडतेय की आधी दार लाव, आणि मी उभ्या उभ्या टाइप करतेय. शुद्धलेखन नंतर बघू.

तर माझ्या मावशीचे मिस्टर, म्हणजे आमचे काका. यांच्याइतका जीव तोडून वस्तू विकत घेणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, मी लिहून देते. आपण दुकानात जातो, बघतो, आवडलं की घेतो. काका दुकानात जातात ते परीक्षा घ्यायला. मावशीला मिक्सर घ्यायचा होता तेव्हा ते घरून ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर आणि मीठ पुडीत बांधून घेऊन गेले. चार मिक्सरमध्ये चार चटण्या वाटल्या, दुकानदाराला पाव आणायला लावला, आणि तिथे आलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना खायला घालून प्रत्येकाला विचारलं, "खोबरं लागतंय का दाताला? खरं सांगायचं, लाजायचं न्हाय." गादी घ्यायला गेले तेव्हा गादीवर आडवे झाले आणि खरंच झोपले. दुकानदार शटर ओढायला आला तेव्हा उठले आणि म्हणाले, "डाव्या कुशीला जरा कडक हाय. दुसरी बघू." छत्री घेताना शॉवरखाली उभं राहून बघितलेली आहे. हे मी वाढवून सांगत नाहीये. म्हणजे थोडं वाढवून सांगतेय, पण शॉवरचं खरं आहे, मावशीला विचारा.

काकांचा भिवंडीजवळ राहनाळला पत्र्याचा गाळा आहे, त्यात कापड विणायचे बारा लूम. आजूबाजूला सगळ्यांनी जागा गोडाऊनला दिल्या. भाडं येतं, लोक आरामात बसतात. काकांना रोज कोणीतरी टोमणा मारतंच, "अजून खटखट ऐकताय का? द्या भाड्याने, झोपा दुपारी." काका म्हणतात, "खटखट बंद झाली तर मना झोपच लागायची न्हाय." आणि या गाळ्याचा जीव म्हणजे चाचा. चाचा यूपीतल्या मऊच्या बाजूचे, काकांच्या लग्नाआधीपासून गाळ्यावर आहेत. मावशी म्हणते, मी नंतर आले, चाचा आधीचे. त्यांचं काम म्हणजे ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचे, मग तो ताणा लूमवर चढतो. एक धागा चुकीच्या घरात गेला तर त्याची रेघ अख्ख्या कापडात शेवटपर्यंत दिसते. चाचांची रेघ मी जन्मात बघितलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, भिवंडीत थंडी कुठे असते? अहो, जानेवारीत सकाळी सहाला त्या पत्र्याखाली उभं राहून बघा. खाडीवरून वारा येतो, पत्रा गार पडलेला असतो, आणि हात उघडे ठेवूनच काम करायचं असतं. गेल्या जानेवारीत चाचांची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचे आणि बोटं एकेक करून सोडवायचे, गाठ सोडवावी तशी. एके दिवशी काकांना म्हणाले, "सेठ, अब उँगली नहीं खुलती. होली पे गाँव जाऊँगा, तो शायद वापस ना आऊँ. लड़का भी बुला रहा है."

मी तिथेच होते. मला वाटलं काका म्हणतील, नका जाऊ. निदान बसा, बोलू. काका फणीकडे बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "हीटर आणूया."

आणि सुरू झालं! पहिल्या दुकानात माणूस म्हणाला, "गिझर पाहिजे का काका?" काका म्हणाले, "अंघोळ न्हाय करायची. गाळा तापवायचाय." त्याने वरच्या फळीवरून धूळ झटकून एक सळईवाला हीटर काढला, तो लाल होतो ना, तो. काकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत काय? गाळ्यातला कापसाचा भुगा! लूम चालले की हा भुगा हवेत उडतो, भिंतीवर बसतो, आमच्या भुवयांवर बसतो. काकांनी चिमूटभर भुगा घेतला आणि त्या लाल सळईवर सोडला. भुर्रकन पेटला. दुकानदार मागे उडाला. काका शांतपणे म्हणाले, "हा गेला. गाळ्यात असला लावला तर दुसऱ्या दिवशी गाळाच न्हाय."

दुसऱ्या दुकानात पंख्यासारखा गरम हवा फेकणारा होता. छोटासा, हलका, मला तर फार आवडला, मी म्हटलं घ्या ना हाच. काकांनी भुगा मागच्या जाळीपाशी नेला. त्याने सूं करून ओढून घेतला, आणि मिनिटभरात जळक्या केसांचा वास सुटला. "बघ बाय," काका म्हणाले, "हा भुगा खातोय. पोटात साठवणार आणि एक दिवस ओकणार." मी मोबाइलवर गॅसवाला दाखवला, साइटवर वापरतात तसला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बंद जागेत गॅस? माणसं डुलकी घेतील ती उठायचीच न्हाईत." कोळशाच्या शेगडीचंही तेच, वर कापडाला धूर लागणार. या तीन आठवड्यांत मला हीटरबद्दल इतकं कळलंय की कॉलेजात तो विषय असता तर मी पहिली आले असते. वॉट किती, वायर जाड आहे का, आडवा पडला तर आपोआप बंद होतो का. हे शेवटचं तपासायला काका प्रत्येक हीटरला गुडघ्याने ढकलायचे. दुकानदार हात पुढे करून गोलकीपरसारखे उभे राहायचे.

शेवटी ठाण्याहून एक मागवला. तेलाचा. पेटीचा भाता उभा केल्यासारखा पांढरा, खाली चाकं, आत कुठे लाल सळई नाही, पंखा नाही, आवाज नाही. आत तेल असतं, ते गरम होतं, मग पाती गरम होतात. काकांनी दुकानदाराला विचारलं, "तेल कधी बदलायचं?" तो म्हणाला, कधीच नाही. काकांचा विश्वास बसेना. मावशी म्हणाली, "शेंगदाण्याचं घाला, भजीही होतील." तो हीटर तीन दिवस घरच्या हॉलमध्ये होता. काका हातात घड्याळ घेऊन समोर बसायचे आणि दर पाच मिनिटांनी पात्यांवर तळहात ठेवायचे. पातीवर भुगा टाकून तासभर नजर ठेवून बसले. भुगा कोमट झाला, बस. मी माझा ओला टॉवेल वर टाकला तर असे ओरडले की शेजारचे बाहेर आले. "झाकायचा न्हाय! कधीच न्हाय!" मग त्यांनी निकाल सांगितला, आणि तो नंतर प्रत्येक पाहुण्याला, वायरमनला, दूधवाल्याला सांगितला: "चांगला हाय. फक्त दम धरावा लागतो. बटण दाबल्यावर वीस मिनिटं गार म्हणजे गारच. मग मात्र सोडत न्हाय."

वायरमनला बोलावून गाळ्यात वेगळी लाइन ओढून घेतली, एक्स्टेन्शन बोर्डाला स्पष्ट मनाई. चाचांच्या जागेपासून तीन फुटांवर जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकोन काढला, हीटर त्या चौकोनातच राहणार. आणि चाचांना हुकूम झाला, काकांच्या त्या खास हिंदीत: "चाचा, ये दिनभर चालू रखनेका. बंद नहीं करनेका. लाइट का टेन्शन नहीं लेनेका."

चाचा राहिले. होळीला गावी गेले आणि परत आले! काका वर्षभर हीटरला जावयासारखं सांभाळत होते. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असताना दर रविवारी दहा मिनिटं चालू करायचे, म्हणे "आखडू नये."

आणि आता आज सकाळ. पुन्हा जानेवारी. मावशीने चाचांसाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं दिलं होतं, ते घेऊन साडेआठला मी गाळ्यावर गेले. चाचा धागे ओवत बसलेले. हीटर चौकोनात उभा. बंद!

मी म्हटलं, "चाचा, लाइट गई क्या?"

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बिटिया, सवेरे आधा घंटा चलाता हूँ, हाथ खुल जाते हैं. फिर बंद. सूत को नमी चाहिए. इसके सामने सूत सूखता है, कड़क होता है, टूटता है. सेठ को मत बोलना."

मी थक्क. अहो, हे तर आम्हाला सगळ्यांना माहीत आहे! उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून गाळ्यात जमिनीवर पाणी मारतात, मी लहानपणापासून बघतेय. काकांनी भुगा तपासला, वायर तपासली, गुडघ्याने ढकललं, शेंगदाणा तेलापर्यंत चर्चा झाली, आणि सुताचं काय होणार हे विचारायचंच राहिलं! ज्या माणसाचं अख्खं आयुष्य सुतात गेलं त्याच्याकडून! चाचांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. वर्ष झालं, गप्प आहेत.

मी विचारलं, "तो बोले क्यों नहीं?"

"कितने दिल से लाए हैं," एवढंच म्हणाले आणि पुढचा धागा ओवला.

तेवढ्यात बाहेर काकांची स्कूटर. ती दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येते. चाचांनी मान वर न करता डावा हात लांब केला, खट्, बटण. हीटरचा छोटा लाल दिवा लागला. इतक्या सवयीने केलं ना, की मला कळलं, हे रोजचंच आहे.

काका आत आले. मला बघून म्हणाले, "बाय, तू कवा आलीस?" मग सरळ हीटरपाशी. लाल दिवा बघितला. वाकले आणि पात्यांवर तळहात ठेवला.

 दिवा लागून अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. आणि वीस मिनिटं गार म्हणजे गारच, हे जगाला सांगणारा माणूस हाच!

काकांनी हात तसाच ठेवला. चाचा फणीत डोकं घालून बसलेले, पण त्यांचा धागा थांबला होता. मग काकांनी चटका बसावा तसा हात झटकला, फू फू करून फुंकर मारली, आणि म्हणाले, "मस्त तापलाय. काय चाचा, हात खुलता है ना?"

"बिल्कुल, सेठ. एकदम बढ़िया."

"फिर इस होली को?"

"जाऊँगा. आ भी जाऊँगा."

काका "हां" म्हणाले. दारापर्यंत गेले, परत वळले. "चाचा, इधर नीचे थोडा पानी मारते जाओ. वो... धूल बहुत उड़ती है."

"जी, सेठ."

धूळ! जानेवारीतल्या सकाळी, सगळं दवाने ओलं असताना, त्या कोपऱ्यात कुठली धूळ हो? पण चाचांनी गंभीरपणे मान हलवली आणि काका गंभीरपणे निघून गेले. ते गेल्यावर मी हीटरला हात लावला. बर्फासारखा गार. चाचांनी हात लांब करून बटण बंद केलं, माझ्याकडे बघितलं नाही, पण मिशीत हसत होते. काकांना कधीपासून माहीत आहे कोण जाणे. कदाचित पहिल्या दिवसापासून. आणि मी इतकी बडबडी, पण घरी येताना रिक्षावाल्याला दोनदा विचारावं लागलं, कुठे उतरायचंय.

काका हे वाचणार नाहीत, हीटर किती वॉटचा ते यात लिहिलेलं नाही. पण मला तुम्हाला विचारायचंय, खरंच सांगा. तुमच्यासाठी कधी कोणी असा गार वस्तूवर हात ठेवून, चटका बसल्यासारखी फुंकर मारली आहे का? आणि तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, की फार उशिरा?