बोटाला लागणारी कड

समोरच्याच्या मागच्या खिशातलं पाकीट तो न विचारता दोन बोटांनी उपसायचा, मेलेला उंदीर धरावा तसं हवेत धरायचा आणि म्हणायचा, "हे पाकीट होय का गाठोडं?"

अशी माणसं तुमच्याही बाजारात असतील. गोंदियाच्या बाजारात तो नेमका माझ्या शेजारी होता. मी रेक्झिनच्या पिशव्या, पट्टे, पाकिटं विकायचो. तो चामड्याची सडपातळ पाकिटं हाताने बनवायचा. लोक त्याला थट्टेने उस्ताद म्हणत आणि त्याला ते खरंच वाटायचं. मी मात्र कायम 'रेक्झिनवाला'. मला तो मुळीच आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो.

एकदा जवळच्या मुर्री गावचा एक शेतकरी नवं पाकीट घ्यायला आला. उस्तादने त्याचं जुनं पाकीट फळीवर रिकामं केलं. धानाच्या पावत्या, दोन देवांचे फोटो, बसची तिकिटं, अर्धी बिडी. "हे खिशात ठेवतेस का यावर बसतेस?" चारचौघांत बिचाऱ्याची मान खाली गेली. एवढा कचरा माझ्या पाकिटात जाणार नाही म्हणून त्याला हाकललंच. तो माझ्याकडून जाडजूड पाकीट घेऊन गेला.

"कायले हाकलता गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"तुह्यासाठीच हाकलून राहिलो. तुले बी जगायचं आहे ना."

त्याचं काम बघण्यासारखं होतं, हे म्हणताना आजही माझ्या जिवावर येतं. घडीच्या कोपऱ्यात चामड्याचे चार पदर एकावर एक येतात आणि पाकीट तिथेच फुगतं. उस्ताद प्रत्येक पदराची कड दगडी फरशीवर घेऊन रापीच्या रुंद पात्याने तासत जायचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढी होईपर्यंत. मग चिकटवायचा, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचा आणि डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचा. "नाही लागत," म्हणाला तर पाकीट गिऱ्हाइकाचं. "लागते," म्हणाला की तिथल्या तिथे रापीने उभं चिरायचं. बँकेचे एक साहेब म्हणाले, "असू द्या, मला चालेल."

"तुमाले चालते. मले नाही चालत." आणि चिरलं. असला माज.

मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले त्या सुमाराची गोष्ट. एकदा मला कातडी जळल्याचा वास आला. बघतो तर उस्तादच्या बोटांत बिडी पार शेवटापर्यंत जळलेली, आणि हा आपला गप्पा मारतोय. मी ओरडलो तेव्हा त्याने बोटाकडे पाहिलं. त्यानंतर तो एकाच कडेवरून तीन-तीनदा अंगठा फिरवू लागला. चिरणं बंद झालं. "लागते" हा शब्दच बाजारात ऐकू येईना.

एका दुपारी, बाजार पेंगत असताना, तो माझ्या दुकानाची पायरी चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काउंटरवर पाकीट ठेवलं.

"अंगठा फिरव."

"माझा अंगठा रेक्झिनचा आहे ना, उस्ताद?"

"फिरव म्हणतो. डॉक्टर म्हणते साखर आहे. बोटं सुन्न झाले. मले कळूनच नाही राहिलं." थोडं थांबून म्हणाला, "लागत असन तं आता धंद्याले बसणं बंद."

मी डोळे मिटले. तीन कोपरे गुळगुळीत. चौथ्यात किंचित खरखर. कुठल्याच गिऱ्हाइकाला कळली नसती. नाही लागत म्हणणं सोपं होतं. पण या माणसाने मला कायम तोंडावर हिणवलं होतं. गोड बोलून त्याने मला कधी फसवलं नव्हतं.

"लागते," मी म्हणालो.

"कोठी?"

मी त्याचा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला. त्याने मान हलवली, खिशातून रापी काढली आणि माझ्या काउंटरवरच पाकीट उभं चिरलं. मला फार वाईट वाटलं.

"रेक्झिन विकतेस," जाताना तो म्हणाला, "पण अंगठा बरा आहे तुहा."

तो पुन्हा बसायला आला नाही. पुढे वर्षभरात वारला. त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात.

धंदा मात्र बसवून गेला माझा. गिऱ्हाईक पाकीट मागतं, मी काचेखालचं काढतो, आणि देण्याआधी माझे डोळे आपोआप मिटतात. अंगठा फिरतो.

"लागते," मी म्हणतो.

"काय लागते?" गिऱ्हाईक विचारतं.

मी पाकीट परत काचेखाली ठेवून देतो.