शेकायच्या पिशवीवरचं कुंकू

परवा व्हिडिओ कॉलवर माझं उघडं कपाट दिसलं, आतला डबा रिकामा आहे असं मी म्हणाले आणि तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, रिकाम्या डब्याला कुलूप कशाला?" मी विषय बदलला. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं राहिलं असतं, म्हणून लिहून पाठवते.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण. ती पिंपळनेरला राहते, पण गुडघे धरायला लागल्यापासून थंडीचे महिने माझ्याकडे जळगावला काढते. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी मी विजेवर तापणारी शेकायची पिशवी आणली. आत पाणी बंद केलेलं, वरून मखमल, बाजूला प्लग लावायचा कान. दिवा लागतो, पिशवी तापली की दिवा आपोआप विझतो, मग प्लग काढून शेकायचं. दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर लिहून द्यायला निघाला होता. मी पक्कं बिल मागितलं आणि त्यावर पिशवीचा नंबरही घालायला लावला. त्याच्या कपाळावर आठी पडली, ती माझ्या लक्षात राहिली.

खंडेनवमीला अक्काने नेहमीप्रमाणे मिक्सर, शिलाई मशीन, माझा वाचायचा दिवा या सगळ्यांना हळदकुंकू लावलं. पिशवीलाही लावलं, कानाभोवती पाच ठिपके.

"अहो अक्का, ती रबराची पिशवी आहे," मी म्हणाले.

"काम करस ना ती? मंग तिनी बी पूजा."

मखमल खराब झाली म्हणून मी कुरकुरले. ते कुरकुरणं पुढे मला गिळावं लागलं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना अक्काची हाक आली. दिवा विझलेला होता, प्लग काढलेला होता, पिशवी मांडीवर होती आणि तोंडाजवळच्या शिवणीतून ती फुटली होती. तिच्या भाजलेल्या मांडीवर मी नळाचं गार पाणी सोडत राहिले आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं, 'गरम पाण्याने भाजले'. मी म्हटलं, गरम पाणी पातेलं उतरवतानाही सांडतं, काय फुटून भाजलं ते लिहा. त्यांनी जरा त्रासूनच 'विजेची शेकायची पिशवी फुटून' असं लिहिलं. त्या वेळी मी हट्टी म्हातारी दिसले असेन.

तिसऱ्या दिवशी दुकानदार पेरू घेऊन घरी आला. त्याला कळलं कसं, हे मला आजही माहीत नाही. मला तो मॅडम म्हणाला, अक्काच्या मात्र पाया पडला. तो साक्रीकडचा, म्हणजे अक्काच्या गावाजवळचाच निघाला, त्यामुळे दोघांचं अहिराणीत चांगलं जुळलं. मी अक्काची औषधं आणायला गेले आणि परत आले तोवर तो निघून गेला होता. त्याच्याबरोबर फुटकी पिशवीही गेली होती.

"कंपनीले दखाडाले लई गया. नवी दी राहयना," अक्का म्हणाली. "नवी भेटस तं जुनी कसाले ठेवानी?"

कंपनीला दाखवायला म्हणून त्याने जुनी नेली होती आणि नवी देतो म्हणाला होता; यात तिचा दोष नव्हता. आपल्याकडे जुनी कढई देऊन नवी आणतात, जुनी कॉट देऊन नवी आणतात. मोडकी वस्तू मागायला आलेल्याला ती हसून देण्यात आपलं आयुष्य गेलं. पण मला त्या पेरूंचा वास नकोसा झाला. फुटकी पिशवी त्याच्याकडे असेल, तर अक्का नेमकी कशाने भाजली हे आम्ही दाखवणार कशावरून?

मग मी कायदा वाचायला बसले. इंग्रजीतला मूळ मजकूरच वाचला, कारण कोणी सांगितलेल्या सारांशावर माझा भरवसा नसतो. सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या दोघांविरुद्ध एकत्र तक्रार करता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठेही असो. वकील केलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. आणि वस्तूत दोष आहे का हे तपासल्याशिवाय कळत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवतो. म्हणजे सगळं त्या फुटक्या पिशवीवर येऊन थांबत होतं.

मी दुकानदाराला लेखी पत्र दिलं, पोचवर सही घेतली आणि पिशवी परत मागितली. त्याने चार दिवस लावले. पाचव्या दिवशी फुटकी पिशवी घरी पाठवली.

मी बिल काढून नंबर जुळवला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेवढ्यात अक्काने पिशवी हातात घेऊन कानापाशी बोट फिरवलं.

"हाई आपली पिशवी नई शे."

तिने नंबर पाहिलाही नव्हता. मी नीट बघितलं तेव्हा दिसलं की आमची पिशवी शिवणीत उसवली होती आणि ही बाजूला सरळ रेषेत चिरलेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. मांडीला पट्टी असताना येऊ नका म्हटलं, पण अक्का ऐकेना. मी नंबराचं बोलले. तो म्हणाला, "मॅडम, छपाईत चुकतं कधी कधी."

अक्का काउंटरला टेकली. "भाऊ, मनं कुंकू कोठे गयं?"

"कोणतं कुंकू, अक्का?"

"खंडेनवमीनं. पाच ठिपका लायेल व्हतात."

"धोवाई गयं व्हई."

"मखमलवरनं कुंकू धोवाई जास? मना तीन लुगडा वाया गयात, एकनंबी निघनं नई. तुना गल्लावरनं तरी निघनं का?"

त्याच्या गल्ल्याच्या लाकडावर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. दोन गिऱ्हाइकं हसली.

"मनी पिशवी माले दी दे, भाऊ. नवी माले नको."

तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमची पिशवी घेऊन आला. गोदामात अदलाबदल झाली, म्हणाला. अक्काच्या मते त्याला लाज वाटली. मला ते पटत नाही. अदलाबदल चुकून होते, पण पिशवी पात्याने चुकून चिरली जात नाही. त्या दिवसापासून पिशवी या डब्यात राहिली आणि किल्ली माझ्या कमरेला.

तक्रार मी स्वतः लिहिली. कंपनीचं उत्तर आलं ते मात्र मी दोनदा वाचलं. 'तक्रारदाराने उपकरणाच्या विद्युत भागाभोवती बाहेरील पदार्थ लावला, त्यामुळे बिघाड झाला.' म्हणजे ज्या कुंकवाने पिशवी परत आली, त्याच कुंकवाने तक्रार आमच्या हातून जाणार होती. हे त्यांना सांगितलं कोणी, ते मी ओळखलं.

सुनावणीला जाताना मी अक्काला म्हणाले, "कुंकवाचं आपण होऊन बोलू नका. विचारलं तरच बोला." खरं सांगते, 'नाही म्हणा' असंही माझ्या जिभेवर आलं होतं. तुमच्यापासून ते लपवत नाही.

कंपनीच्या वकिलाने पहिलंच तेच काढलं. आयोगाच्या अध्यक्षांनी अक्काला विचारलं, "आजी, कुंकू लावलं होतं का?"

"लावलं. कोरडं, बोटनं." मग तिने शेजारच्या टेबलाकडे हात केला. "तुमना कंपूटरलेबी शे. तो नई फुटना."

संगणकाच्या कडेला खरंच हळदीकुंकवाचं बोट होतं. कारकुनाने त्यावर हळूच फाइल सरकवली. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी पिशवी सीलबंद करून तपासणीला पाठवायचा आदेश लिहायला घेतला. कागदात गुंडाळण्याआधी मी नंबर मोठ्याने वाचून दाखवला. अक्काने ठिपके मोजले.

"पाच शेतस," ती म्हणाली आणि मगच तिने सही केली.

अहवाल यायला बरेच महिने गेले. तापल्यावर वीज तोडणारी कळ त्या पिशवीत फार उशिरा वीज तोडत होती आणि शिवण कच्ची होती. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही भरपाई द्यायला लागली. पण अक्काने तक्रारीत सगळ्यांत आधी जे मागितलं होतं ते वेगळं होतं. त्या पिशव्या दुकानातून काढा. आदेशात तेही आलं.

आदेश आला म्हणजे पिशव्या गेल्याच, असं मी मानलं नाही. पंधरा दिवसांनी दुकानात गेले. "विश्वास ठेवा मॅडम," तो म्हणाला. मी पुढची रांग बाजूला करून मागचं फडताळ पाहिलं. नव्हत्या. घरी येऊन अक्काला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "गोदाम दखं का?" म्हणजे आता तीही माझ्यासारखीच झाली आहे. पिशवी तपासणीहून परत आली नाही, पण गोदाम अजून पाहायचं आहे, म्हणून रिकाम्या डब्याचंही कुलूप काढलेलं नाही.

यंदा खंडेनवमीला ती मिक्सरपाशी कुंकवाचं बोट घेऊन आली तेव्हा मी कुरकुरले नाही. प्लग काढलेला आहे ना, तेवढं पाहिलं.