जावाच्या टेपला मिरजेचा सा

माझ्या वडिलांना बेसूर काही सहन होत नाही. माणसं बेसूर वागली तर चालतात, वस्तू नाही. उभा जन्म मिरजेत लोकांच्या पेट्यांचे सूर लावून देण्यात गेला आणि इंग्लंडात वॉटफर्डला माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आले तेही बॅगेत सूरपेटी घालून. आल्या आठवड्यात किचनमधला एक्झॉस्ट फॅन काळी एकच्या सुरापेक्षा जरासा खाली बोलतो म्हणून त्यांनी तो बंद ठेवायला लावला. मी धुरात पोळ्या लाटत होते आणि मनात परतीच्या तिकिटाची तारीख मोजत होते. खोटं कशाला सांगू?

शेजारच्या घरात इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एक बाई राहत. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा इंग्रज नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. लग्नानंतर लगेच तो त्यांच्या गावच्या राजवाड्यात टेप रेकॉर्डर घेऊन गेला होता आणि तिथलं गामेलान त्याने टेप केलं होतं. गामेलान म्हणजे काशाच्या पट्ट्या, भांड्यांसारख्या घंटा आणि मोठमोठे गाँग यांचा अख्खा ताफा, वीसेक माणसं मिळून वाजवतात. टेपवर वाजवणाऱ्यांत बाईंचे वडीलही होते. मी लायब्ररीत जुन्या टेप्सच्या सीडी करते हे कळल्यावर बाई बिस्किटांच्या डब्यातून ती टेप घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझा डावा कान गेलाय. उजवा किती दिवस राहील, डॉक्टर सांगत नाहीत. त्याआधी एकदा ऐकायचंय."

टेपची अवस्था त्यांच्या कानासारखीच होती. मशीनवर फिरली की तपकिरी भुकटी झडायची. अशी टेप एकदाच, फार तर दोनदा लावायची असते. शिवाय मूळ रेकॉर्डिंग बॅटरीवरचं, त्यामुळे वेग गडबडलेला. मशीनच्या बटणाने तो अंदाजाने ठरवावा लागणार होता. मी वीकेंडला मशीन घरी आणलं, टेबलावर मांडलं, आणि शनिवारी सकाळी भाजी आणायला गेले. हीच माझी अक्कल.

परत आले तर बाबा हेडफोन लावून बसलेले, मांडीवर सूरपेटी, चेहरा प्रसन्न.

"अगं, सगळी बेसूर होती. वेग वाढवला की सूर चढतो, तशी चढवून काळी दोनला आणली. आता बघ कशी बोलते."

"बाबा, किती वेळा लावलीत?"

"चार. पाच असेल."

मशीनच्या तोंडाशी भुकटीचा थर साचला होता. मी कपाळावर हात मारला. पण मशीन सोमवारी परत द्यायचं होतं, टेप आणखी फिरवायची भीती, आणि ऐकायला खरोखरच छान वाटत होतं. मी तश्शीच सीडी केली. म्हणजे दोष एकट्या बाबांचा नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जास्त चिडले असेन.

संध्याकाळी बाईंनी सीडी पूर्ण ऐकली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे आमच्या राजवाड्याचं नाही. प्रत्येक राजवाड्याच्या ताफ्याचा सूर वेगळा असतो. आमचा मी झोपेतही ओळखीन." आणि पुढे म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी भलताच डबा सांभाळला."

मी घरी येऊन बाबांवर अशी बरसले की विचारू नका. गणपती करायला गेलात आणि मारुती करून ठेवलात म्हटलं.

"सा तो सा," बाबा म्हणाले. "जावाचा काय, मिरजेचा काय."

"त्यांच्याकडे सा नाहीच आहे, बाबा! त्यांना वाटतंय आपणच चुकीची टेप जपली. कळतंय का तुम्हाला?"

बाबा जेवले नाहीत. रविवारी सकाळी आपणहून म्हणाले, "मशीन उचल. बाईंकडे चल." सूरपेटी घरीच ठेवली.

सुरुवातीला टेपवर नुसतं बोलणं होतं. सीडी करताना बाबांनी "ही बडबड काढून टाक" म्हटलं होतं आणि मी काढली होती. आता ती लागली. चिरक्या, घाईघाईच्या आवाजात कोणीतरी गावाचं नाव सांगत होतं. बाई एकदम पुढे झुकल्या. हाताने खूण केली, खाली. बाबांनी बटण फिरवलं. अजून खाली. बाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि बाईंना मराठी, पण असं सूर लावणं बाबांनी जन्मभर केलं होतं. आवाज हळूहळू उतरला, एका तरुण पुरुषाचा झाला. बाईंनी बाबांचं मनगट घट्ट धरलं.

"इथे," मी म्हटलं.

"हे बेसूर आहे गं," बाबा पुटपुटले, पण बोट हललं नाही.

मी टेप मागे नेली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. भुकटी झडत होती. तो गावाचं नाव म्हणाला, मग आवाज हलका करून जवळच्याच कोणाला तरी विचारलं, "रेडी?"

"रेडी," बाई म्हणाल्या.

मग पहिला गाँग वाजला. बाबांनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "कोणाशी बोलल्या?"

"नवऱ्याशी," मी म्हटलं.